पारिजातकाचे दोन पुंकेसर

पारिजातकाच्या फुलातले पुंकेसर वरवर पाहिलं तर दिसत नाहीत. दिसतात त्या पांढऱ्या पाकळ्या, मधला केशरी ठिपका आणि फूल उलटं केलं की तो केशरी देठ. हा देठ खरं तर देठ नव्हे. पाकळ्या खाली एकमेकींना जुळून ती नळी झालेली असते. टाचणीच्या टोकाने ती उभी चिरली की वरच्या तोंडाशी, आतल्या बाजूला चिकटून बसलेले पुंकेसर सापडतात. पाकळ्या पाच असोत, सहा असोत की आठ, पुंकेसर दोनच.

वनस्पतिशास्त्र शिकत असताना हे मी प्रयोगवहीत लिहिलं आणि पुढच्या फुलाकडे वळले. या ‘दोन’वरून एके काळी या झाडाची ग्रंथातली जागा ठरली होती, हे खूप नंतर वाचनात आलं. तेव्हापासून जुन्या निसर्गअभ्यासकांनी सजीवांची मांडणी कशी केली, या विषयाने मला धरून ठेवलं आहे. वर्गीकरण म्हटलं की आपल्यापैकी पुष्कळांना पाठांतर आणि लॅटिन नावं आठवतात. मला त्यात दोन वेगवेगळ्या ओढी दिसू लागल्या. एक म्हणजे हाती आलेली वनस्पती पुन्हा नेमकी सापडावी. दुसरी म्हणजे कोण कोणाच्या जवळचं आहे ते कळावं. या दोन्ही एका मांडणीत बसत नाहीत, हे त्या लोकांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप आधी कळलं होतं.

गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली इथल्या औषधांवरचा संवादरूपी ग्रंथ गोव्यातच छापला. त्यात पारिजातक आहे, ‘दुःखी झाड’ या नावाने. रात्री फुलतं आणि उजाडताच सगळी फुलं खाली टाकतं, म्हणून दुःखी. गोव्यात ऐकलेली कथाही तो सांगतो: एका सरदाराची मुलगी सूर्यावर भाळली, त्याने तिला टाकलं, तिने जीव दिला आणि तिच्या राखेतून हे झाड उगवलं. केशरी नळ्या वाळवून अन्नाला रंग आणतात, हेही त्याने टिपलं आहे. पण या ग्रंथात पारिजातकाचे शेजारी कोण? बिब्बा आणि हिंग! कारण प्रकरणं साधारण वर्णानुक्रमाने लावलेली आहेत. वैद्याला हवं ते पान चटकन उघडता यावं, एवढीच त्यामागची गरज होती, आणि ती भागत होती.

आपल्याकडच्या चरकसंहितेतही असंच आहे. मांसासाठी प्राण्यांचे आठ गट केले आहेत आणि त्यातल्या ‘प्रसह’ गटात गाय, घोडा, उंट, सिंह, वाघ, माकड आणि कावळा एकत्र येतात. जे हिसकून, ओरबाडून खातात ते प्रसह. आजच्या नजरेला गाय आणि वाघ एका ओळीत खटकतात खरे, पण रोग्याला कुठलं मांस पचेल हे ठरवणाऱ्या वैद्याने ती ओळ केली होती. त्याला गाईचं आणि वाघाचं गोत्र शोधायचंच नव्हतं. म्हणून जुन्या मांडण्यांना चूक म्हणण्याआधी ती कोणासाठी केली होती हे विचारावं, असं मला फार वाटतं.

ओर्तानंतर शंभरेक वर्षांनी कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रीड याने मलबारातल्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचं निवेदन आहे. भाषा कोंकणी, लिपी नागरी. सतराव्या शतकातल्या त्या डच छपाईची प्रतिमा मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कितीतरी वेळ तेच पान उघडं ठेवून बसले होते. आपल्या ओळखीची अक्षरं, थोडी वेडीवाकडी, लॅटिन मजकुराच्या सोबतीने. याच खंडात पारिजातक ‘मंजापुमेरम’ या मलयाळम नावाने आहे. स्वीडनचा कार्ल लिनियस कधीही भारतात आला नाही. इथल्या कितीतरी झाडांची त्याला ओळख झाली ती या ग्रंथातून, म्हणजे या वैद्यांच्या सांगण्यातून.

आणि लिनियसने मोजलं. १७३५ साली त्याने मोठाल्या आकाराच्या मोजक्या पानांत अवघ्या सृष्टीची मांडणी छापली. त्यात वनस्पतींचे चोवीस वर्ग होते, मुख्यतः पुंकेसरांची संख्या आणि ठेवण यांवरून. वर्गाच्या आतले गट पुष्कळदा स्त्रीकेसरांच्या संख्येवरून. १७५३ साली त्याने तेव्हा माहीत असलेल्या जवळपास सहा हजार वनस्पती याच क्रमाने लावल्या आणि प्रत्येकीला दोन शब्दांचं नाव दिलं. पहिलं पान उघडलं की पहिली वनस्पती कर्दळ, कारण पुंकेसर एक, स्त्रीकेसर एक. तिच्या वर्गात आलं आणि हळद येतात, ते ठीकच, पण रानोमाळ जमिनीलगत पसरणारी पुनर्नवाही येते. दुसऱ्या वर्गात, दोन पुंकेसरवाल्यांत, जाई, मोगरा, पारिजातक, अडुळसा, मिरी आणि विड्याच्या पानाची नागवेल. मोगऱ्याला तर त्याने पारिजातकाच्याच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, घातलं होतं.

या पद्धतीचा फायदा तिच्या साधेपणात होता. ज्याला दहापर्यंत मोजता येतं आणि ज्याच्याकडे एक भिंग आहे, तो कुठल्याही गावी अनोळखी फुलाचं पुस्तकातलं पान गाठू शकत होता. त्याआधी हे फक्त मुरलेल्या जाणकाराला जमायचं. तिचा तोटाही त्याच साधेपणात होता. हल्ली दुकानात सब्जाशेजारी चियाचं बी मिळतं. दोन्ही भिजवली की बुळबुळीत आवरण फुगतं, दोन्हींच्या फुलांना तसेच ओठ असतात. पण सब्जाला, म्हणजे तुळशीच्या या भावंडाला, पुंकेसर चार आणि चियाला दोन. म्हणून एक गेली चौदाव्या वर्गात, दुसरी दुसऱ्या वर्गात, मिरीच्या सोबतीला.

लिनियसला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं, आणि त्याच्याबद्दलचा माझा आदर इथेच वाढतो. १७३८ सालीच त्याने दुसरी एक यादी छापली होती. तिला तो नैसर्गिक पद्धतीचे ‘तुकडे’ म्हणतो. पासष्ट गट, फक्त नावं, खाली व्याख्या नाहीत, आणि शेवटी कुठेच न बसणाऱ्यांची वेगळी रांग. चियाची प्रजाती तुळशीजवळ बसते ती या यादीत. खऱ्या आप्तांना एकत्र आणणं हेच वनस्पतिशास्त्राचं पहिलं आणि शेवटचं काम, असं तो मानत होता. ते काम आपल्या हातून पुरं झालं नाही, हेही त्याने लिहून ठेवलं. चोवीस वर्गांनी त्याला युरोपभर नाव दिलं. तरीही ते शोधण्याची सोय आहेत, निसर्गाचा आराखडा नाहीत, हे सांगायला तो कचरला नाही.

पारिजातकाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण त्यात एक विलक्षण वळण आहे. पुंकेसर मोजण्याची पद्धत मागे पडली तरी हे झाड जाई-मोगऱ्याच्या कुलात राहिलं. मग १९५२ साली लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानातल्या एअरी शॉ यांनी बारकाईने तपासून ते तिथून उचललं आणि सागवानाच्या कुलात ठेवलं. त्याच्या चौकोनी कोवळ्या फांद्या, खरखरीत पानं आणि चपटं फळ पाहिलं की जाईजुईची आठवण होत नाही हे खरंच आहे. काहींनी तर त्याला स्वतःचं वेगळं कुलच दिलं. २००० साली डीएनएच्या आधारे या कुलाचा अभ्यास झाला आणि पारिजातक पुन्हा जाई-मोगरा-ऑलिव्हच्या घरात आलं, मात्र मोगऱ्याच्या अगदी जवळ नव्हे, आधीच वेगळ्या झालेल्या एका फांदीवर. म्हणजे ‘दोन’ हा आकडा चियाच्या बाबतीत फसवा ठरला आणि इथे खरा निघाला. कुठली खूण नातं सांगते आणि कुठली नाही, हे आधी कळत नाही. अठराव्या शतकातले सगळे खटाटोप या अडचणीभोवती फिरतात.

त्याच काळात पुष्कळांच्या मनात सृष्टीचं चित्र होतं ते शिडीचं. जिनीव्हाच्या शार्ल बोने याने १७४५ साली ती शिडी पायरीपायरीने छापली. सगळ्यात खाली सूक्ष्म द्रव्य, अग्नी, वायू, पाणी, माती. मग धातू, दगड. मग बुरशी, शेवाळं, वनस्पती. मग कीटक, शिंपले, साप, मासे, पक्षी, चतुष्पाद आणि सगळ्यात वर माणूस. पायऱ्यांमधली जागा भरायला उडणारा मासा, शहामृग, वटवाघूळ. वनस्पती जिथे संपतात त्या पायरीवर आपली लाजाळू, कारण स्पर्श केला की ती मिटते. आणि तिच्या वर, प्राण्यांच्या उंबऱ्याशी, एक अगदी ताजा पाहुणा.

तो पाहुणा शोधला होता बोनेच्याच नात्यातल्या आब्राहम त्रांब्ले याने. हेगजवळच्या एका सरदाराच्या दोन मुलांना तो शिकवत असे. १७४० साली खंदकातलं पाणी बरणीत भरून आणलं तर पाणवनस्पतींना चिकटलेले काही हिरवे, बारीक, धाग्यासारखे जीव त्याला दिसले. रंग वनस्पतीचा, पण ते आपले हात हलवत होते आणि बरणीच्या उजेडाकडच्या बाजूला सरकत होते. वनस्पती की प्राणी? त्रांब्लेने एक साधी परीक्षा ठरवली. कापून पाहायचं. फांदी लावली तर झाड होतं. प्राणी कापला तर मरतो. २५ नोव्हेंबरला त्याने एक जीव आडवा कापला आणि रोज भिंगातून पाहत राहिला. काही दिवसांत दोन्ही तुकडे पुरे झाले. परीक्षेचा निकाल आला होता: वनस्पती. पण हाच जीव हातांनी पाण्यातले किडे पकडून गिळत होता, हेही तो पाहत होता. त्याने आणखी कापले, उभे, आडवे, बारीक. एक तर मोज्यासारखा उलटा केला, तरी तो जगला. पॅरिसला कीटकांचे अभ्यासक रेओम्यूर यांच्याकडेही त्याने जिवंत नमुने पाठवले, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः कापून बघा. आज आपण त्याला हायड्रा म्हणतो आणि शाळेच्या पुस्तकात त्याची आकृती काढतो.

बोनेला हा आपल्या शिडीचा पुरावा वाटला. मला त्रांब्लेचं वागणं जास्त मोलाचं वाटतं. त्याने स्वतःच ठरवलेली कसोटी निकामी ठरली, आणि त्याने जीव सोडून कसोटी धरून ठेवली नाही.

शिडीत एक मोठी उणीव होती. प्रत्येक पायरीला दोनच शेजारी, एक वर आणि एक खाली. वटवाघूळ पक्षी आणि चतुष्पाद यांच्या मधे बसवलं की ते उंदरासारखंही दिसतं याचं काय करायचं, याला जागा नाही. लिनियसने १७५१ साली लिहून ठेवलं होतं की वनस्पतींची नाती नकाशावरच्या मुलुखांसारखी असतात, सगळ्या बाजूंनी शेजार असलेली. नकाशा मात्र त्याने काढला नाही. त्याचा विद्यार्थी गीझेके याने गुरूच्या व्याख्यानांच्या टिपणांवरून तो १७९२ साली छापला, गुरू जाऊन चौदा वर्षं झाल्यावर. त्यात प्रत्येक कुल म्हणजे एक वर्तुळ. कुलात प्रजाती जितक्या जास्त तितकं वर्तुळ मोठं, आणि नातं जितकं जवळचं तितकी वर्तुळं जवळ. मधे भरपूर कोरी जागा. कोकणातल्या वाडीत घरं जशी आपापल्या परसात, कुठे दाट कुठे विरळ असतात, तसा तो कागद दिसतो. आकृती नीटस करायचा मोह गीझेकेला झाला नाही, म्हणून मला ती फार आवडते.

पॅरिसला बेर्नार द जुस्यू याने पुस्तक न लिहिता बागच लावली. १७५९ साली व्हर्सायच्या त्रियानों बागेत त्याने राजासाठी वाफे आखले ते नात्यांच्या क्रमाने. त्या क्रमावर पुढे तीस वर्षांनी त्याच्या पुतण्याने शंभर कुलांचा ग्रंथ लिहिला आणि आजची कितीतरी कुलं तिथपासून चालत आली आहेत. पण माझं मन अडकतं मिशेल आदांसाँमध्ये. तरुणपणी तो सेनेगलमध्ये काही वर्षं राहिला. तिथल्या वनस्पती कुठल्याच युरोपीय मांडणीत नीट बसेनात, तेव्हा त्याला वाटलं की एकच अवयव धरून चालणं हाच मुळात दोष आहे. त्याने पासष्ट वेगवेगळ्या मांडण्या करून पाहिल्या, प्रत्येक एकेका लक्षणावरून, आणि मग विचारलं: यातल्या जास्तीत जास्त मांडण्यांत कोण कोणाबरोबर येतं? जे पुन्हा पुन्हा एकत्र येतात ते आप्त. १७६३ साली त्याने अशी अठ्ठावन्न कुलं छापली. संगणक यायच्या दोनशे वर्षं आधी हे काम एक माणूस दौत आणि टाकाने करत होता. आपल्याकडे ठिकठिकाणी दिसणाऱ्या अवाढव्य गोरखचिंचेच्या शास्त्रीय नावात त्याचं नाव आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक वेगळीच लाट आली. शेणकिड्यांच्या आप्तांचा अभ्यास करताना विल्यम शार्प मॅक्ले या इंग्रजाला वाटलं की सजीवांचे गट वर्तुळात बसतात आणि प्रत्येक वर्तुळात पाचच गट असतात. वर्तुळात वर्तुळं, सगळीकडे पाच. पंधरा-वीस वर्षं इंग्लंडमधल्या कितीतरी जाणत्यांनी हे मनावर घेतलं. पाचवा गट सापडला नाही तर तो अजून मिळायचा आहे असं मानून जागा राखली. आज हे वाचताना सोडून द्यावंसं वाटतं, पण मॅक्लेने एक भेद फार स्पष्ट केला होता: जवळचं नातं वेगळं आणि नुसतं साम्य वेगळं. आपली ओळखीची जोडी घ्या. पाकोळी आणि भिंगरी दोघी विळ्यासारख्या पंखांनी हवेतच किडे टिपत फिरतात. लिनियसने पाकोळीच्या युरोपातल्या बहिणीला भिंगरीच्याच प्रजातीत ठेवलं होतं. प्रत्यक्षात पाकोळीचे जवळचे आप्त अमेरिकेतले गुंजन पक्षी आहेत. सारखं काम केल्याने आलेलं साम्य बाजूला काढायला शिकणं, ही त्या पाचाच्या वर्तुळांनी दिलेली खरी भेट होती.

त्या वर्तुळांवर नेमका हल्ला केला ह्यू स्ट्रिकलंड याने, १८४१ साली. त्याचं म्हणणं सरळ होतं. आकृती आधी ठरवू नका. एक जाती घ्या, तिच्या सगळ्यात जवळची कोण ते शोधा, दोघींतलं अंतर ठरवा, कागदावर मांडा आणि पुढे चला. जो आकार निघेल तो निघेल. त्याने खंड्या पक्ष्यांचा असा नकाशा काढून दाखवला, आणि मग पक्ष्यांचा एक भला मोठा तक्ता करायला घेतला. बेटांसारखी विखुरलेली कुलं, कुठे दाटी, कुठे मोकळा समुद्र, पाच-पाचची कुठेही खूण नाही. नामशेष झालेला डोडो पक्षी कबुतरांचा नातलग आहे हे १८४८ साली त्याने आणि मेल्व्हिल यांनी हाडांवरून सिद्ध केलं. १८५३ साली रेल्वेमार्गाकडेचे दगडांचे थर पाहत असताना गाडीखाली सापडून तो गेला. वय बेचाळीस. सजीव बदलत आले आहेत असं तो मानत नव्हता. आणखी सहा वर्षं जगता तर आपल्या नकाशातल्या अंतरांचा अर्थ त्याने कसा लावला असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कारण तो अर्थ लागायला आलाच होता. डार्विनने १८३७ साली आपल्या वहीत फांद्यांचं छोटं चित्र काढलं होतं. त्याच वहीत तो म्हणतो की जीवनाच्या वृक्षाला प्रवाळ म्हणावं, कारण बुंध्याकडच्या फांद्या मेलेल्या असतात आणि दोन जिवंत टोकं कुठे जुळत होती ते दिसत नाही. नकाशांमधल्या कोऱ्या जागा याच होत्या. १८५५ साली बोर्निओतल्या सारावाकमध्ये पावसाळ्यात एकट्या बसलेल्या आल्फ्रेड वॅलेस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने लिहिलं की प्रत्येक नवी जाती तिच्या जवळच्या, आधीच्या जातीच्या आसपास, त्याच प्रदेशात आणि त्याच काळाला लागून उद्भवते. पुढच्या वर्षी त्याने पक्ष्यांच्या नात्यांची आकृती छापली. ती स्ट्रिकलंडच्या धाटणीची आहे, पण आता टोकं रेषांनी जोडलेली आहेत. १८५९ साली डार्विनने सांगितलं की अभ्यासक नकळत वंशावळच शोधत होते.

एवढं झाल्यावर सगळी कपाटं एका रात्रीत बदलली असतील असं वाटतं. तसं झालं नाही. डार्विनने आपली कल्पना ज्यांना आधी कळवली त्यांपैकी एक वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर. त्याच हूकरने जॉर्ज बेंथमबरोबर १८६२ ते १८८३ या काळात वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्याची मांडणी जुन्याच नैसर्गिक कुलांची आहे. सूचिपर्णी वृक्ष त्यात द्विदल आणि एकदल यांच्या मधे ठेवलेले आहेत, जिथे वंशावळीने ते असूच शकत नाहीत. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा कोश केला तो याच क्रमाने, आणि भारतातल्या अनेक वनस्पतिसंग्रहांतली कपाटं आजही याच क्रमाने लावलेली आहेत.

मधल्या काळात साग मात्र घर सोडून गेला. डीएनएचा पुरावा पक्का होत गेला तसा तो आणि त्याच्याबरोबर निर्गुडी तुळशीच्या कुलात गेली. वंशावळ सांगते की आपल्या दारातली तुळस आणि मेळघाटातला साग एकाच कुलातले. संग्रहालयात सागाचे वाळवलेले नमुने काढायला आजही मी जुन्याच कुलाच्या खणाकडे जाते. तिथल्या लोकांनी दाराच्या आतल्या बाजूला नवं कुल पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे. नमुने हलवलेले नाहीत. हलवले तर शंभर वर्षांच्या नोंदवह्यांतले खणांचे क्रमांक निरुपयोगी होतील, आणि उद्या एखादा विद्यार्थी कुकच्या काळातला कागद मागायला आला तर तो शोधायचा कुठे?